डावा पाय

“मग मी कावून येऊ, कशासाठी?” बंकट फोनवर बोलून गेला, आणि बोलून झाल्यावर ते वाक्य त्याच्याच कानात दुसऱ्या कुणा घोगऱ्या माणसानं म्हटल्यासारखं वाजलं. पलीकडं आरोही होती, लेकीची लेक, बारा वर्षांची. तिनं एवढंच सांगितलं होतं, की आजोबा, रविवारी नेकनूरला धोंड्याच्या जेवणाला तुमी कॅमेरा आणू नका, पप्पांनी मला नवा मोबाईल घेतलाय, यंदा फोटो मीच काढणार. आणि सख्ख्या लेकी-जावयाच्या जेवणाबद्दल आजोबाच्या तोंडून हे निघालं होतं. पोर म्हणाली, “जेवायला या की.” आणि तिनं फोन आईकडं दिला. तेजश्री म्हणाली, “आप्पा, जमलं तर या. काकानं समद्यांलाच बोलावलंय.” जमलं तर या. हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगावं, तशा सपाट आवाजात ती म्हणाली. बंकटनं फोन गल्ल्यावर ठेवला आणि त्याला तोंडात काहीतरी आंबूस आल्यासारखं वाटलं. तो पाणी प्याला. गेलं नाही.

पाटोद्यातलं त्याचं दुकान, म्हणजे स्टुडिओ, दुपारच्या उन्हानं भट्टीसारखं तापलं होतं. मागच्या खोलीत निळा पडदा, फ्लॅशच्या दोन छत्र्या, पासपोर्ट फोटोचं स्टूल. समोर बाकावर त्याची बायको बायनाबाई बसलेली. ती जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि डबा सोडता सोडता तिनं सगळं ऐकलं होतं.

“काय म्हणली पोरगी?”

“कॅमेरा नको म्हणली.”

“बरं झालं. दरवेळी एका हातानं जेवताव. औंदा दोन्ही हात मोकळे.”

“तुला समदी गंमतच सुचती.”

“मला कुठली गंमत,” बायनाबाई म्हणाली आणि भाकरीवर ठेचा वाढला. “तुमीच इचारलं तिला, मी कावून येऊ म्हणून. तिला काय माहीत? मला इचारा.”

त्यानं विचारलं नाही. भाकरी मोडली, चावली, पण ती तोंडातच फिरत राहिली. कारण उत्तर त्याला ठाऊक होतं आणि बायनाबाईलाही. दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो, तेव्हा लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर लक्ष्मी-नारायण म्हणून बसवायचं, त्यांचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. हे आईबापानं करायचं. आणि तेजश्रीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, या चौदा वर्षांत जेवढे अधिक महिने आले, ते सगळे बंकटच्या धाकट्या भावानं, तात्याबानं केले, नेकनूरला, त्याच्या घरी. पाय तात्याबानं आणि त्याच्या बायकोनं धुतले. बंकट कोपऱ्यात उभा राहून, गुडघ्यावर बसून, कधी खुर्चीवर चढून फोटो काढत होता. कारण साधं होतं. कन्यादान ज्यानं केलं, पाय त्यानं धुवायचे. आणि कन्यादान तात्याबानं केलं होतं.

ती दुपार बंकटला आता पूर्ण आठवत नव्हती, आणि हीच त्यातली घाण गोष्ट होती. आठवत होतं ते अल्बमचं. कुठल्या पानावर काय, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पान सात, तेजश्रीची हळद. पान बारा, अक्षता हवेत थांबलेल्या. पान चौदा, कन्यादान. तात्याबाच्या ओंजळीवर पाण्याची धार, धारेत खिडकीचा उजेड, आणि त्या उजेडात पोरीचे खाली झुकलेले डोळे. बीडच्या लॅबवाल्यानं तो फोटो मोठा करून स्वतःच्या दुकानात लावला होता. पण त्या फोटोच्या बाहेर काय होतं? मांडवात वास कसला होता, पोरगी रडत होती का, तिचा हात गार होता का गरम, यातलं काही बंकटकडं नव्हतं. त्यानं तो हात धरलाच नव्हता. आदल्या रात्री मुनव्वर, त्याच्याच धंद्यातला दोस्त, मुद्दाम येऊन म्हणाला होता, “बंकटभाई, बेटी का मामला है. तुम पाट पर बैठो, फोटो मैं खींचता.” आणि बंकटनं हो म्हटलं होतं. मग सकाळी मुनव्वरनं हळदीचे काढलेले चार फोटो त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितले. फ्लॅश थेट तोंडावर मारलेला. पोरीचं कपाळ तव्यासारखं चमकत होतं. आपल्या लेकीचं लग्न जन्मभर असं दिसणार? त्यानं मुनव्वरच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला, तात्याबाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “माझे गुडघे लई दुखायलेत बे. मला मांडी घालून बसता येत न्हाई. तू आन् वैनी बसा.” गुडघ्यांना काही झालं नव्हतं. पुढचे तीन तास तो त्याच गुडघ्यांवर उठबस करत होता.

आणि बायनाबाई. हे त्याला आठ दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. कन्यादान करणाऱ्यानं उपास धरायचा असतो, म्हणून बायनाबाई पहाटेपासून बिनपाण्याची होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की पाट बदलले. ती नेसून, नथ घालून मांडवात आली तर पाटावर जाऊबाई बसलेली. लोकांसमोर काय बोलणार? तिनं आरतीचं ताट उचललं आणि बाजूला उभी राहिली. तिथंच, पान चौदाच्या उजव्या कडेला, तिचं कोपर आलंय. फक्त कोपर आणि ताटाची कड. बंकटनं अल्बम करताना ती कड कापायची ठरवली होती, कारण कोपरामुळं फोटोचा तोल जात होता. मग आळस केला आणि राहू दिली. एवढं एक कोपर, तेही आळसामुळं राहिलेलं. बायनाबाई त्या दिवशी रात्रीपर्यंत जेवली नाही आणि या चौदा वर्षांत एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर त्याला चिडता आलं असतं.

डबा संपला. बायनाबाई भांडी आवरून निघाली आणि दारात थांबून भिंतीकडं बघत म्हणाली, “ते कवा काढनार हाव?” मग उत्तराची वाट न बघता उन्हात गेली. ते म्हणजे तो फोटो. गल्ल्याच्या वर, काळ्या चौकटीत, तीस वर्षं लटकलेला. सहा वर्षांची तेजश्री बांधावर बसलीय, एक पाय दुसऱ्या मांडीवर घेतलेला, तळव्यात बाभळीचा काटा, तोंड आकाशाकडं, गालांवर दोन ओले ओघळ, आणि मागं कोरडं रान. त्याला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं. गिऱ्हाईक आलं की वर बघायचं आणि म्हणायचं, वा बंकटराव, काय जिवंत आलाय. जिवंत. त्या दिवशी पोरगी ओरडली तेव्हा तो वीस पावलांवर होता. धावत गेला, हे खरं. पण धावता धावता त्याचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं गेला, पोरीकडं नाही. पहिला फोटो काढला, उजेड समोरून येत होता म्हणून बाजूला सरकला, दुसरा काढला, आणि पोरगी “आप्पा, काढा ना, आप्पा” म्हणत असताना तो म्हणाला, “काढतो, काढतो, हलू नको.” तिला वाटलं काटा. मग तिसरा. मग काटा. काटा तोपर्यंत आत मोडला होता. पुढं तो पिकला, डॉक्टरनं चिरून काढला, तळव्यावर मुगाएवढा डाग राहिला. उजव्या तळव्यावर. चौकटीत रोज दिसायचा तो उजवा पाय.

आज त्या फोटोकडं बघताना बंकटला किळस आली. फोटो अजून चांगलाच दिसत होता, आणि किळस त्याचीच होती. त्यात खोट काढता येत नव्हती. उजेड, रान, पोरीची मान, सगळं जिथल्या तिथं. कुणा परक्याच्या पोरीचा असता तर त्यानं पुन्हा वा म्हटलं असतं. आणि आता, या घडीलाही, त्याचा डावा डोळा आपोआप मिटला होता. ही खोड त्याला कॅमेऱ्यानं लावली. काही जिवाला लागणारं दिसलं की डावा डोळा मिटायचा आणि उजवा चौकट शोधायचा. आई गेली तेव्हा मिटला. आरोही जन्मली, नर्सनं गाठोडं पुढं केलं, तेव्हा मिटला, आणि नर्स हसून म्हणाली, आजोबा डोळा काय मारताय. सगळे हसले. तोही हसला. चाळीस वर्षं तो लोकांना थांबवत आला होता. घास भरवा, थांबा, इकडं बघा, परत एकदा. हार घाला, परत एकदा. सासरी पाठवताना रडणाऱ्या पोरींना त्यानं मागं बोलावून पुन्हा आईच्या गळ्यात पडायला लावलं होतं, आणि त्या पडल्याही होत्या, रडल्याही होत्या, पहिल्यापेक्षा चांगल्या. तेव्हा त्याला धंद्याचा अभिमान वाटायचा. आता त्या सगळ्या दुसऱ्यांदा रडलेल्या पोरींचे चेहरे त्याच्या घशाशी आले, पुन्हा गरम केलेल्या भाजीच्या वासासारखे. आज लोक न सांगताच तसं करतात. घास तोंडाशी नेऊन थांबतात, मोबाईलकडं बघतात, मग खातात. बिंदुसरा धरणाच्या भिंतीवर लग्नाआधीच नवरा-नवरी एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून ताटकळतात. ही विद्या आपणच गावोगाव पेरत हिंडलो, असं त्याला वाटलं, आणि तो गल्ल्याखालच्या डब्यात थुंकला.

रविवारी सकाळी तो आणि बायनाबाई एसटीनं नेकनूरला निघाले. कॅमेरा त्यानं कपाटात ठेवला होता. कुलूप लावलं होतं आणि किल्ली खिशात होती, म्हणजे खरं तर कॅमेरा त्यानं सोबत आणल्यासारखाच होता. गळ्याला पट्ट्याची जागा खाजत होती. खिडकीबाहेर नांगरलेली काळी ढेकळं, बांधावर बाभळी, एक म्हातारा डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन एकटाच चालला होता. बंकटचा डावा डोळा मिटला. त्यानं तो बोटांनी उघडला. बायनाबाईनं बघितलं.

“कचरा गेला का?”

“हं.”

“लई दिसांचा गेलाय,” ती म्हणाली आणि मांडीवरची अनारशांची पिशवी नीट केली. अनारसे तिनं केले होते, तेहतीस. दरवेळी तीच करायची. द्यायची मात्र जाऊबाई.

तात्याबाच्या घरी ओसरीवर माणसं बसली होती. आत तुपाचा, वेलदोड्याचा आणि उकडत्या धोंड्यांचा वास कोंदला होता, आणि एवढ्या गोड वासानं बंकटला मळमळलं. जावई शिवशंकर घाटनांदूरहून गाडी घेऊन आला होता. दोघांच्या पाया पडला. तेजश्री पाया पडली आणि लगेच आत गेली, काकूच्या हाताखाली. आरोही मोबाईल उंच धरून सगळीकडं फिरत होती. “धाकटी आजी, चुलीकडं बघा. असं नको, हसून.” बंकट खांबाला टेकून उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. आधी मागं बांधले, मग खिशात घातले, मग एका पोऱ्यानं दिलेला पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून ठेवला. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, “बंकटराव, आज हत्यार कुठंय?” तो दात दाखवून हसला. आपले दात सगळ्यांना दिसतायत असं त्याला वाटत राहिलं.

पाट मांडले. रांगोळी काढली. शिवशंकर आणि तेजश्री शेजारी बसले, समोर पितळेची परात. जाऊबाईनं हळदी-कुंकू घातलेल्या पाण्याचा तांब्या आणला. सगळे तात्याबाकडं बघू लागले. तात्याबा ओसरीच्या खुर्चीवरून उठला नाही. त्यानं काठी आडवी मांडीवर घेतली.

“दादा, तू बस.”

“मी?”

“माझे गुडघे गेलेत. डाक्टर म्हणला, खाली बसलास तर उठायचा न्हाईस.”

“आरं, पण कन्यादान तू केलंय. पाय तूच धुवायचे.”

“तवा तुझे गुडघे दुखत व्हते,” तात्याबा सावकाश म्हणाला, “आता माझे दुखत्यात. माझे खरे हायेत.”

जाऊबाईनं पदर तोंडाला लावला, हसायला की कशाला, कळलं नाही. म्हणजे याला माहीत होतं. चौदा वर्षं माहीत होतं, आणि चौदा वर्षं तो दरवेळी खाली बसून दुसऱ्याच्या लेकीचे पाय धूत होता, समोर सख्खा बाप कॅमेरा लावून बसलेला असताना. बंकटच्या मानेवरून घाम ओघळला. त्याला वाटलं सांगावं, मला न्हाई जमत, आणि त्याच क्षणी बायनाबाई पुढं झाली. तिनं जावेच्या हातातला तांब्या घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परातीशी बसली. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा बंकटला उमगलं की हिनं सकाळपासून काही खाल्लं नाहीये. एसटीत त्यानं दिलेली केळी तिनं पिशवीत ठेवली होती.

तो बसला. मांडी सहज घातली गेली, आणि ती सहज गेली याची त्याला सगळ्यांसमोर लाज वाटली.

आधी शिवशंकरचे पाय धुतले. जावई संकोचानं पाय आखडत होता, बायनाबाई पाणी घालत होती, बंकट चोळत होता. मग तेजश्रीनं पाय परातीत ठेवले. बायनाबाईनं तांब्या कलता केला आणि बंकटनं लेकीच्या पायाला हात लावला. तेवढ्यात वरून आरोहीचा आवाज आला, “आजोबा, थांबा. वर बघा.”

आणि तो थांबला. त्याला थांबायचं नव्हतं. पण हात पायावर तसाच राहिला, बोटं जरा पसरली, म्हणजे फोटोत नीट दिसावीत, पाठ सरळ झाली, हनुवटी उचलली गेली आणि तोंडावर ते हसू आलं, जे त्यानं हजारो बापांच्या तोंडावर बसवलं होतं. गळ्यात पट्टा नव्हता तरी तो फोटोतच होता. घशात आंबूस पाणी चढलं. ओसरीवरचे सगळे तसेच थांबले होते, जावई, जाऊबाई, तात्याबा, फोटो निघेपर्यंत श्वास धरून. एकटी बायनाबाई थांबली नव्हती. तिनं धार चालूच ठेवली. पाणी त्याच्या थांबलेल्या हातावरून, मनगटावरून, सदऱ्याच्या बाहीत शिरलं, गार.

“आजी, थांब ना,” आरोही म्हणाली.

“मला न्हाई थांबायचं,” बायनाबाई म्हणाली.

“आप्पा,” तेजश्री हळू म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल एवढं, “खाली बघा.”

त्यानं खाली बघितलं. पाय होते. टाचांना भेगा, बोटांत जोडवी, घोट्याजवळ भाजल्याची एक रेघ, जी कधीची ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं उजवा पाय हलकेच उचलला, तळवा वळवला आणि अंगठ्यानं डाग शोधला. नव्हता. त्यानं पुन्हा चोळलं. तळवा गुळगुळीत होता. तीस वर्षांत गेला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं आणि धुवायला दुसरा पाय हातात घेतला. डाव्या तळव्याच्या मध्यावर, अंगठ्याला काहीतरी टचकन लागलं. मुगाएवढं, कठीण. तो बघत राहिला. फोटोत उजवा होता. रोज बघत होता तो, तीस वर्षं. आणि मग त्याला ती रात्र आठवली, अंधाऱ्या खोलीतली, लाल दिव्याखालची, फोटो धुवायच्या हायपोच्या वासाची. उजेड चुकीच्या बाजूनं येत होता, पोरीची नजर चौकटीतून बाहेर जात होती, म्हणून त्यानं निगेटिव्ह उलटी घातली होती. डावं उजवं झालं होतं आणि फोटो साधला होता. एवढंच. पुढं त्यानं पोरीचा पाय कधी हातात घेतलाच नव्हता. त्यानं भिंतीवर बघितलं होतं.

“ह्यो पाय व्हता?” त्यानं विचारलं.

तेजश्रीला कळायला वेळ लागला. मग कळलं. “ह्योच,” ती म्हणाली. “थंडीत ठणकतो अजून.”

“मला वाटलं उजवा.”

“तुमी कवा इचारलं, आप्पा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. आता काहीतरी व्हायला हवं होतं, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, असं बंकटला वाटलं. पाणी आलंही थोडं. पण त्याच वेळी दारातून आलेला उजेड त्या ओल्या तळव्यावर तिरपा पडला, डागाच्या कडेला पाण्याचा एक थेंब थरथरत थांबला, मागं पितळेची परात, पाण्यात कुंकवाची रेघ, आणि बंकटचा डावा डोळा मिटला. काय फ्रेम आहे, असं त्याच्या मनात आलं. जरा खालून घेतली तर. त्याला आपल्या डोळ्याची एवढी शिसारी आली की तो तिथंच परातीत ओकला असता. आपण मेलो आणि समोर लेक छाती पिटत बसली, तरी हा उजवा डोळा उघडाच राहील आणि उजेड बघेल.

त्यानं पाय सोडला नाही. डाव्या हातानं तो तसाच धरून ठेवला, आणि उजवा हात, हळदी-कुंकवाच्या पाण्यानं भरलेला, उचलून आपल्या उजव्या डोळ्यावर गच्च दाबला. डोळा चुरचुरला. आता डाव्याला उघडावंच लागलं. तो डोळा चाळीस वर्षं कामाला लावला नव्हता, त्यात मोतीबिंदूही उतरत होता. त्याला नीट दिसेना. परातीची कड दिसेना, उजेड कुठून येतोय कळेना. समोर एक मळकट, ओला, जड पाय होता आणि तो गरम होता. बायनाबाईनं तांब्यातलं उरलेलं पाणी त्यावर घातलं.

“आजोबा, हात काढा,” आरोही म्हणाली. “तोंडच दिसत न्हाई तुमचं.”

त्यानं हात काढला नाही. अंगठ्यानं डागाभोवती चोळत राहिला.